आधी कडेवर, मग जमिनीवर

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागला राहता, जतकडून आणलेलं कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू ११ आठवड्यांचं आहे आणि दोन इंजेक्शनं झालीत. डॉक्टर म्हणतात तिसरं होईपर्यंत बाहेर काढू नका, शेजारी म्हणतात लस झालीय, आता न्या की फिरायला. कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी सांगेन, पिल्लाला आजपासूनच बाहेर न्या, फक्त त्याचे पाय रस्त्याला लागू देऊ नका. पायांच्या बाबतीत तुमचे डॉक्टर शंभर टक्के बरोबर आहेत. पण डोळे, कान आणि नाक यांना तोवर कोंडून ठेवलं तर पुढं दहा-बारा वर्षं तुम्हालाही त्रास आणि त्या जिवालाही. हे मी दोन कुत्र्यांच्या जिवावर शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१३ साली आम्ही खणभागात राहायचो. शेरू नऊ आठवड्यांचा होता, एक डोस झालेला. त्याला आम्ही उंबऱ्याबाहेरसुद्धा सोडलं नव्हतं, तरी त्याला पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा आजार, झाला. माझा धाकटा भाऊ कॉलेजातून येताना बोळात व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांना बिस्किटं घालायचा आणि त्याच चपलांनी घरात यायचा. त्यातली दोन पिल्लं मेल्याचं आम्हाला नंतर कळलं. शेरूला आधी उलट्या, मग रक्ताची हगवण लागली. चार दिवस सलाईन लावलं, पाचव्या दिवशी पहाटे गेला. भावानं त्यानंतर कित्येक महिने कुठल्याच पिल्लाला हात लावला नाही. डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं: पार्वोचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून जमिनीवर पडतो, मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि चपलेला, चाकाला, माणसाच्या हाताला चिकटून घरात येतो. फिनेलनं तो मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग एका भागाला तीस भाग पाणी घालून साधं ब्लीच दहा मिनिटं फरशीवर ठेवायचं, तेव्हा मरतो. (ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका आणि फरशी नीट धुऊन वाळल्याशिवाय पिल्लाला सोडू नका.) तुमच्या घरात आजपासून चपला दाराबाहेर, पाहुण्यांच्यासुद्धा. कुणी नाराज झालं तर होऊ द्या.

आता लसीबद्दल. बहुतेकांना वाटतं, पहिल्या इंजेक्शननं थोडी ताकद येते, दुसऱ्यानं अजून थोडी, तिसऱ्यानं पूर्ण. असं नसतं ते. गाईच्या चिकासारखंच कुत्रीच्या पहिल्या दुधातूनही पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती रोगाशी लढते, पण लसीतल्या विषाणूलाही निकामी करते. काही पिल्लांत ती सहा-आठ आठवड्यांत ओसरते, काहींत १६ आठवड्यांपर्यंत रेंगाळते. मधे काही दिवस असे येतात की ती रोग अडवायला पुरत नाही, पण लस वाया घालवायला पुरते. तुमच्या पिल्लात ते दिवस नेमके कधी, हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा डोस देतात, त्यातला एखादा लागू पडावा म्हणून. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना याच कारणानं सांगते की शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यावा. म्हणजे इंजेक्शनं किती झाली यापेक्षा शेवटचं किती वयात झालं हे महत्त्वाचं. कार्ड काढून तारीख बघा. तिसरा डोस १४ आठवड्यांना येत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की १६ आठवड्यांनंतर अजून एक देणार का. त्या शेवटच्या डोसानंतर दोनेक आठवडे थांबा आणि मग पाय जमिनीला लागू द्या.

एवढं सगळं पाळूनही पिल्लाला कडेवर बाहेर न्यायलाच हवं, त्याचं कारण आमची चिंगी. शेरूनंतर पाच वर्षं घरात कुत्रं आणायची कुणाची हिंमत झाली नाही. २०१८ मध्ये चिंगी आली आणि मी तिला साडेपाच महिने घरातच ठेवलं. गॅलरीतसुद्धा नाही. ती जगली, धडधाकट आहे. पण पहिल्यांदा रस्त्यावर नेली तेव्हा एका वडापच्या जीपचा हॉर्न ऐकून ती पोटावर सपाट झाली, लघवी केली आणि उठेचना. आजही हेल्मेट घातलेला माणूस दिसला की गुरगुरते, गणपतीत ढोल सुरू झाले की बाथरूमच्या कोपऱ्यात थरथरत बसते. तिचा स्वभाव वाईट नाही, ज्या वयात जग बघायचं त्या वयात मी तिला ते बघू दिलं नाही. पिल्लाचं हे वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. तेवढ्या काळात जे आवाज, वास, माणसं त्यानं न घाबरता अनुभवली, ती त्याला आयुष्यभर साधी वाटतात. नंतरही शिकवता येतं, पण फार हळू. तुमचं पिल्लू ११ आठवड्यांचं आहे, हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. त्यात ते कारवानी. ही जात मुळातच अनोळखी माणसाला पटकन अंगाला हात लावू देत नाही. त्याला तर हे जास्तच गरजेचं.

कसं न्यायचं? जुन्या सुती साडीची झोळी करा किंवा नुसतं कडेवर घ्या. अंगात पट्टा हवाच, उडी मारली तर धरायला. सकाळी आमराईत बाकावर बसा, पिल्लू मांडीवर, गवतावर नाही. विश्रामबागच्या स्टेशनजवळ लांब उभं राहून रेल्वे ऐकू द्या, दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. मार्केट यार्डाच्या बाहेर हमालांची लगबग, ट्रक, हळदीचा वास. टोपीवाले आजोबा, काठी टेकत येणारी आजी, गणवेशातली पोरं, हेल्मेटवाला, सगळ्यांना पाच पावलांवरून बघू द्या. प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. शेपूट पोटात गेली, कान मागे पडले, खाणं तोंडात घेईना, तर लगेच दूर जा. धीटपणा यावा म्हणून बळंच गर्दीत धरून ठेवू नका, त्यानं उलटच होतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. लोक लाडानं हात लावायला येतील. ज्यांच्या घरी आजारी कुत्रं आहे किंवा जे भटक्या पिल्लांशी खेळून आलेत, त्यांना नम्रपणे नको म्हणा, बाकीच्यांना हात धुऊन मग.

गच्ची चालेल. ओळखीच्या, सगळ्या लसी झालेल्या, तब्येतीनं चांगल्या मोठ्या कुत्र्याशी घरातल्या घरात गाठ घालायलाही हरकत नाही. आणि जिथं सगळ्यात जास्त जपायला हवं ती जागा म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, कारण आजारी कुत्री तिथंच येतात. खाली सोडू नका, दुसऱ्या कुत्र्याचा वास घेऊ देऊ नका, टेबलावर घरचं फडकं अंथरा, गर्दी असेल तर बाहेर गाडीत थांबून नंबर आल्यावर आत जा.

बाहेर कुणी काही खायला दिलं तर तेही बघा. आपल्याकडं तासगावचा बेदाणा घराघरात, पोरांच्या खिशात असतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे, किती खाल्ल्यावर बाधेल याचा अंदाज करता येत नाही, म्हणून एकही नको. कांदा-लसूणही नको, त्यामुळं भडंग नाही. चुकून बेदाणे खाल्लेच तर त्रास दिसायची वाट न बघता तासाभरात डॉक्टर गाठा.

पाय जमिनीला लागायचा दिवस आला की हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, घ्या. कारवानीचं डोकं अरुंद, मान लांब. साधा गळ्यातला पट्टा ते मागे सरकून क्षणात काढतं. आणि हे पळणारं, पाठलाग करणारं जनावर आहे. मांजर दिसलं की हाक ऐकू येत नाही त्याला, म्हणून रस्त्यालगत कधीच मोकळं सोडू नका, मोठं झाल्यावरसुद्धा. पहिले काही दिवस पहाटे, कचराकुंडीपासून लांब, दहा मिनिटं. प्रत्येक गल्लीची आपली कुत्री असतात. आधी एकटे फिरून बघा कुठली शांत आहेत. अंगावर आलीच तर पळू नका. पिल्लू उचलून डोक्यावर धरलं की ती आणखी उड्या मारतात. त्याला पायामागं घ्या, मधे उभे राहा, हळूहळू मागं सरका. मी छत्री नेतो, समोर झटकन उघडली की बहुतेक थबकतात.

रेबीजची लस तीन महिने झाल्यावर देतात आणि तिचा असर यायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी किंवा नंतर, कधीही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. ओरखडा तुम्हाला असेल तर तुम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या, उद्यावर टाकू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण आपण सांगलीत राहतो. २००५, २०१९, २०२१, कृष्णा कुठंवर येते ते आपण बघितलंय. उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार साचलेल्या पाण्यात आणि ओल्या गाळात येतो; तो माणसालाही होतो. बहुतेक एकत्र लसींत लेप्टोचा भाग असतो, पण त्याचे दोन डोस लागतात, दरवर्षी पुन्हा घ्यावा लागतो आणि लेप्टोच्या सगळ्याच प्रकारांना तो पुरत नाही. म्हणून पाऊस असताना घाटावर नाही, पाणी ओसरल्यावरच्या गाळात तर नाहीच. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसेना तर त्यालाही सोसणार नाही.

गोचीड रोज बघा: कानाच्या आत, बेचक्यांत, शेपटीखाली. गोचीडतापावर या लसींचा उपयोग नाही. गोठ्यातलं गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात घालून लावू नका, लहान पिल्लाला त्यातून विषबाधा होते. वजन करून डॉक्टरांकडून घ्या.

पिल्लानं अर्धा दिवस खाल्लं नाही, उलटी झाली, पातळ किंवा रक्ताची शी झाली, तर सकाळची वाट बघू नका. शेरूच्या वेळी आम्ही एक रात्र थांबलो होतो.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की पिल्लाला झोळीत घ्या, खिशात चिकनचे चार तुकडे ठेवा आणि फक्त तुमच्या फाटकापर्यंत जाऊन उभे राहा. समोरून जाणाऱ्या पहिल्या रिक्षाला ते कसं बघतं ते इथं कळवा, त्यावरून उद्या किती लांब जायचं ते सांगतो.