घाटात गाडी मागे आली आणि विमा कंपनी म्हणते, फेरफार तुम्ही केलात

प्रश्न : मी वाईला राहते, पाचगणीच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सेकंड हँड डिझेल सेडान घेतली, मॅन्युअल गिअरची. हँडब्रेकला दांडा नाही, बटण आहे. घाटात चढावर थांबून पुन्हा निघताना भीती वाटायची. पुण्यातला एक गॅरेजवाला म्हणाला, याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला हिल असिस्ट येतं, तुमच्या गाडीत ते नुसतं बंद आहे, लॅपटॉप लावून चालू करून देतो. साडेचार हजार घेतले आणि पावतीवर ‘ब्रेक मॉड्यूल कोडिंग’ लिहिलं. काही आठवडे छान चाललं. मग पसरणी घाटात ट्रॅफिकमध्ये थांबले असताना ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी मागे आली. मागचा स्कूटरवाला मुलगा पडला, त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. माझ्या गाडीचा मागचा बंपर आणि डिकीचं दार गेलं. विमा कंपनीने ‘अनधिकृत फेरफार’ असं कारण देऊन क्लेम नाकारलाय. मुलाचा भाऊ चाळीस हजारांत मिटवू म्हणतो. गॅरेजवाला म्हणतो, गाडी आणा, फीचर काढून टाकतो, पैसेही परत देतो. माझी आरसी रद्द होईल का? तुरुंगात जावं लागेल का?

उत्तर : ताई, तुरुंगाचं आणि आरसीचं पुढे सांगते. त्याआधी एक काम तातडीचं आहे. त्या गॅरेजला गाडी देऊ नका. पैसे परत देतोय म्हणून तर मुळीच देऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आज त्या गाडीच्या ब्रेक कंट्रोल युनिटमध्ये आहे. कोडिंग कधी बदललं, अपघाताच्या सुमारास कुठला फॉल्ट कोड पडला, तेव्हा किलोमीटर किती होते, यातलं बरंचसं स्कॅनरला दिसू शकतं. गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावून सगळं पूर्ववत केलं आणि फॉल्ट पुसले, की मागे उरेल ती फक्त तुमची कबुली.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि फक्त पूर्ण स्कॅन करायला सांगा, दुरुस्ती नको. छापील रिपोर्टवर चॅसिस नंबर, तारीख, किलोमीटर आणि सेंटरचा शिक्का हवा. जाण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा : अमुक दिवशी स्कॅन होणार आहे, तुमच्या सर्व्हेअरला हजर राहायचं असेल तर पाठवा. ते नाही आले तरी चालेल, ईमेल पाठवलेला असणं महत्त्वाचं. गॅरेजवाल्याबरोबरचं व्हॉट्सॲप चॅट पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते पुढे तुमचे वकील करून घेतील, पण मूळ चॅट फोनमध्ये असेल तरच.

आता त्या फीचरबद्दल थोडं, कारण प्रकरणाचा निकाल कायद्याच्या पुस्तकाइतकाच इथे लागणार आहे. हिल असिस्ट हा हँडब्रेक नाही. चढावर तुम्ही ब्रेकवरचा पाय उचलता तेव्हा स्थिरता नियंत्रणाचं युनिट चाकांकडच्या नळ्यांतला ब्रेक ऑइलचा दाब धरून ठेवतं, साधारण दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात क्लच चावला पाहिजे. ती सेकंदं संपली की दाब सुटतो आणि उतार आपलं काम करतो. शिवाय गाडी चढावर आहे हे तिला सेन्सर सांगतो, क्लच कुठे आहे हे दुसरा सेन्सर सांगतो. खालच्या व्हेरियंटमध्ये यातलं काही बसवलेलंच नसेल, किंवा सेन्सरचं शून्य नीट सेट केलेलं नसेल, तर नुसत्या कोडिंगने फीचर कधी चालेल, कधी चालणार नाही. तुमचं बटणाचं हँडब्रेक वेगळंच आहे. ते मागच्या कॅलिपरवरच्या मोटरने पॅड आवळतं आणि सोडेपर्यंत धरून राहतं.

म्हणून मला एका गोष्टीचं खरं उत्तर हवंय. पाय काढल्याबरोबर गाडी मागे आली, की क्षणभर थांबली आणि मग आली? पहिलं असेल तर काम सदोष होतं. दुसरं असेल तर फीचर नेमून दिल्याप्रमाणे चाललं आणि वेळ संपली. तरीही गॅरेजवाला सुटत नाही, कारण ही दोन-तीन सेकंदांची मर्यादा तुम्हाला कुणी सांगितली होती का, हा प्रश्न राहतोच. पण दोन्हींचा युक्तिवाद वेगळा आहे. आधी एक सांगायचं आणि नंतर दुसरं, असं झालं तर केस हातची जाते. आठवतंय तसं आजच लिहून तारीख घालून ठेवा.

त्या मुलाकडे वळू. त्याच्यासमोर तुम्हाला ‘फीचरने दगा दिला’ असं म्हणता येणार नाही. चढावर गाडी मागे न येऊ देणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी, गाडीत काय बसवलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पण नुकसानभरपाई तुमच्या खिशातून जायलाच हवी असंही नाही. थर्ड पार्टी विम्यात कंपनीला तिसऱ्या माणसाविरुद्ध कुठले बचाव घेता येतात, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत : लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, परवान्याविना भाड्याने गाडी चालवणं, पॉलिसी घेताना महत्त्वाची माहिती लपवणं, असे. ब्रेकचं कोडिंग बदललं हा त्यात नाही. फार तर कंपनी म्हणेल, पॉलिसी घेताना ही माहिती लपवलीत. म्हणून कोडिंग पॉलिसीच्या आधीचं की नंतरचं, ही तारीख पाहून ठेवा. स्वर्णसिंग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लायसन्सबाबत म्हटलं, की भंग दाखवून भागत नाही, तो भंग अपघाताच्या मुळाशी होता हे कंपनीने सिद्ध करायचं. तो विचार आपल्याला इथेही मांडता येईल.

आणि चाळीस हजार? ही रक्कम त्या मुलावरही अन्याय करणारी आहे. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापत झालेल्याला, चूक कुणाची हे सिद्ध न करता, अडीच लाख रुपये मिळू शकतात. तुमच्या भीतीपोटी आणि त्याच्या भावाच्या घाईपोटी तो चाळीस हजारांवर सही करेल, आणि पुढे मनगट नीट वळलं नाही तर त्याच्या हातात काही राहणार नाही. शिवाय प्रमाणित मोटार पॉलिसीत अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कबुली, आश्वासन किंवा रक्कम द्यायची नाही. तुम्ही पैसे दिलेत तर कंपनीला नकाराचं आणखी एक कारण आयतं मिळेल. त्या मुलाला भेटा, औषधपाण्याचं बघा, माणूस म्हणून ते करायलाच हवं. पण तडजोडीचा कागद करू नका आणि ‘चूक माझीच’ असे मेसेज पाठवू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायला त्याला सांगा. कंपनी त्यात पक्षकार असेल.

पोलिसांत कळवलं नाही हे मात्र आता निस्तरावं लागेल. कुणाला दुखापत झाली की जखमीला वैद्यकीय मदत देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालवणाऱ्याची कर्तव्यं आहेत. उशीर झालाय, पण न जाण्यापेक्षा उशिरा जाणं बरं. विलंबाचं खरं कारण अर्जात लिहा. गुन्हा नोंद झाला तर तो बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली होईल. दोन्ही जामीनपात्र आहेत. पोलीस ठाण्यात जाताना वकील सोबत न्या.

आता तुमचा नाकारलेला क्लेम. तुमच्या मजकुरावरून पत्रात ‘अनधिकृत फेरफार’ एवढंच दिसतंय, पॉलिसीचं कुठलं कलम ते नाही. पहिला ईमेल त्याचाच करा : नेमकी अट सांगा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्या. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि २००९ च्या प्रदीपकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही. कंपनी बहुधा दोन गोष्टींकडे बोट दाखवेल. एक, यांत्रिक वा विद्युत बिघाडाचा अपवाद. त्यात बिघडलेला भाग भरून मिळत नाही, पण तुमचा बंपर बिघाडाने नव्हे, धडकेने मोडला. दोन, गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट. इथे कोडिंग आणि अपघात यांचा संबंध दाखवावा लागेल. म्हणून तो स्कॅन. तो तुमच्या विरुद्ध गेला तरी हात टेकू नका : अमलेंदु साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीच्या अटीचा भंग असतानाही दावा ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटींत पूर्ण न बसणारा, धरून ७५ टक्क्यांपर्यंत देण्याचं तत्त्व मान्य केलं. आपसूक मिळत नाही, मागावं लागतं.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाची मुदत आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. एकच पथ्य : हाच विषय ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. म्हणून कंपनीचा वाद लोकपालांकडे आणि गॅरेजचा ग्राहक आयोगात, अशी विभागणी मला तुमच्यासाठी योग्य वाटते.

आरसीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल करायचा नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे रचनेतला, वाहनाचं मूळ स्वरूप पालटणारा बदल. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर, रंग, बॉडी, आसनं हे सगळं जसंच्या तसं आहे. माझ्या मते इथे कलम ५२ लागत नाही. पण निर्धास्त व्हा असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१९ च्या जयचंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटण्याबाबत फार कडक भाषा वापरली आहे, आणि ब्रेक ही काही सीट कव्हरसारखी बाब नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून उत्पादकाला पत्र लिहा : माझ्या चॅसिस नंबरच्या गाडीत हे फीचर चालवण्याची यंत्रसामग्री आहे का? याच मॉडेलच्या मंजुरीत ते समाविष्ट होतं का? ‘हो’ आलं तर तुमची बाजू भक्कम. ‘नाही’ आलं तर तोच कागद गॅरेजवाल्याविरुद्ध कामाला येईल. आणि नोंदणी निलंबित करायची तरी आरटीओला कलम ५३ प्रमाणे आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आरसी एका रात्रीत जात नाही.

शेवटी गॅरेज. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८५ मध्ये वस्तूवर सेवा देणाऱ्याची जबाबदारी आहे. सेवा सदोष असेल किंवा धोका टाळण्यासाठी पुरेशा सूचना, इशारे दिले नसतील, तर तो जबाबदार. तुमच्या पावतीवर मर्यादेचा, वापराच्या पद्धतीचा एक शब्द नाही, हे तुमचं बलस्थान. फक्त या कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून त्या वस्तूचंच नुकसान वगळलंय, म्हणून बंपर-डिकीचा खर्च ‘सेवेतील त्रुटी’ या सदराखाली वेगळा मागा. तक्रार पुण्यात नव्हे, तुम्ही राहता त्या सातारा जिल्ह्याच्या आयोगात लावता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मुलाने दावा लावून तुमच्यावर काही बोजा आलाच, तर तोही गॅरेजकडून वसूल करण्याचा हक्क त्याला पाठवायच्या नोटिशीत राखून ठेवा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. ‘गाडी आणा, काढून टाकतो’ हे त्याचं म्हणणं व्हॉट्सॲपवर असेल तर त्याचा तारखेनिशी उल्लेख करा. काम केल्याची ती त्याचीच कबुली आहे. स्कॅन आणि सर्व्हेअरची पाहणी झाल्यावर अधिकृत सेंटरकडून कोडिंग मूळ स्थितीला आणून घ्या, जॉब कार्डावर तसं लिहून घ्या आणि त्याची प्रत विमा कंपनीला द्या. तोवर त्या गाडीने घाट चढू नका. नंतरही चढावर थांबलात तर हँडब्रेकचं बटण ओढा. बऱ्याच गाड्यांत सीट बेल्ट लावलेला असला आणि क्लच चावून ॲक्सिलरेटर दिला की ते आपोआप सुटतं. तुमच्या गाडीत तसं आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा आणि सेंटरवाल्याकडून चढावर करून दाखवून घ्या.