पेलेटसाठी माल निवडताना आधी ओल आणि राख बघा

दादा, शिरोली एमआयडीसीत पेलेटचं (बॉयलरच्या जळणासाठी दाबून केलेल्या गोळ्यांचं) मशीन बसवायचंय आणि चिपाड, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं यांतलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मशीनचं कोटेशन थोडं बाजूला ठेवा. आधी माल बघू.

आपल्याकडं ऊस भरपूर, म्हणून सगळ्यांची नजर चिपाडावर. पण कारखान्याच्या मिलमधून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं आणि पेलेटला ओल १० ते १५ टक्केच चालते. हिशोब करा: १२ टक्के ओलीचा एक टन माल हवा असेल तर ओलं चिपाड पावणेदोन टनांच्या वर लागतं आणि साडेसातशे किलो पाणी उडवावं लागतं. ड्रायरवर ते वाळवायचं तर जळणातच पैसा जातो. शिवाय कारखाने चिपाड स्वतःच्या बॉयलरला जाळतात, गुऱ्हाळवाले चुलाणाला. उरलेल्याचा भरवसा धरू नका.

तूस कोरडं मिळतं, स्वस्तही मिळतं. मी त्यालाच भुललो होतो. त्याची राख १५ ते २० टक्के, आणि ती बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूच. माझ्या डायची (माल ज्यातून दाबून पेलेट निघते त्या भोकांच्या साच्याची) भोकं आतून घासून सैल झाली, पेलेट बोटानं दाबली तरी भुगा व्हायची. नुसतं तूस घेऊ नका.

माझं मत भुसा आणि टरफलं यांच्या मिश्रणाचं. लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचा नैसर्गिक चिकट घटक, डायमधल्या उष्णतेनं मऊ होतं आणि तेच चिकटवतं, वेगळा गोंद लागत नाही. स्वच्छ भुशाची राख एक टक्क्याच्या आसपास. टरफलं मात्र चाळून घ्या, शेतातली माती येते. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (साचे) करणाऱ्यांकडचा भुसा घेतलात तर चुंबकावरून सोडा, खिळे निघतात. प्लायवूडचा भुसा नकोच, त्यात रेझिन, म्हणजे रासायनिक गोंद असतो.

उसाचा पाला गठ्ठे बांधून मिळतो, पण त्यातल्या पोटॅश आणि क्लोरिनमुळं बॉयलरच्या जाळीवर राखेचे खडे धरतात. गिऱ्हाईक परत येत नाही.

प्रत्येक मालाचे १०० ग्रॅम १०५ अंशाला, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के ओल. हीच चाचणी जुलैत परत करा, आणि पक्क्या शेडचा खर्च मशीनच्या आधी धरा.