हापूस 'हा'पाशीच संपला

प्रश्न : आमच्या शेडमधल्या लिनक्स कॉम्प्युटरवर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब असतो. सीझनला मी वाशी मार्केटला असतो, तिथून लॅपटॉपवर व्हीएनसीने (लांबच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन दाखवणारी सोय) तो बघतो. भाच्याने त्यासाठी राउटरवर ५९०० पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दिलंय. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत 'देवगडहापूस' आणि पुढे साल. परवा घाईत गेल्या वर्षीचं साल टाकलं, तरी उघडलं! असं कसं?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : दुसरा कोणी 'उघडलं ना, मग झालं' म्हणून गप्प बसला असता. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड-पद्धतीत पहिली ८ अक्षरंच धरतात. 'देवगड'ची सहा, 'हा'ची दोन. 'पूस' आणि साल गेलं वाऱ्यावर. हसू नका, माझा पासवर्ड कितीतरी वर्षं 'रत्नागिरी' आणि चार आकडे होता. त्यातला शेवटचा 'आय'सुद्धा मोजला जात नव्हता.

याचं मूळ 'डेस' या कुलपात, म्हणजे माहिती सांकेतिक करायच्या पद्धतीत. १९७७ सालचं अमेरिकी मानक, किल्ली ५६ बिटांची. १९९८मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या यंत्राने ती ५६ तासांत शोधली, २००५मध्ये मानक मागे घेतलं गेलं. तुमच्या शेडमध्ये ते अजून चालू आहे.

लॉगिनच्या वेळी शेडमधला व्हीएनसी सर्व्हर १६ बाइटांचा आकडा पाठवतो. लॅपटॉप पासवर्डचीच किल्ली करून तो डेसमधून काढतो आणि परत धाडतो. पासवर्ड स्वतः तारेवरून जात नाही, हे खरं. पण मधे कान लावून बसलेल्याला दोन्ही आकडे मिळतात. मग तो घरबसल्या शब्द लावून बघतो, शेडमधल्या मशीनला पत्ता नाही. देवगडच्या बागायतदाराचा पासवर्ड कशाने सुरू होत असेल, याला डोकं किती लागतं? शिवाय लॉगिननंतर दर, पार्ट्यांची नावं, सगळं उघडंच वाहतं.

टीएलएसचं (वाटेतली माहिती सांकेतिक करणारं) आवरण घालता येतं, पण पासवर्ड तोच ठेवला तर आठ अक्षरं आठच राहतात. मी एसएसएच वापरतो, म्हणजे लांबच्या मशीनमध्ये शिरायची कुलूपबंद वाट. लॅपटॉपवर एसएसएचची किल्ली बनवा, तिचा सार्वजनिक (दुसऱ्याला दिला तरी चालणारा) भाग शेडच्या मशीनवर ठेवा. किल्लीने आत जाता येतं हे बघा, मगच तिथलं एसएसएचचं पासवर्ड-लॉगिन बंद करा. व्हीएनसी सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतूनच, ऐकेल असा लावा. राउटरवरचं ५९०० काढून एसएसएचचं पोर्ट द्या आणि लॅपटॉपच्या ५९०१वरून शेडच्या ५९००पर्यंत एसएसएचचा बोगदा काढा. नंतर मोबाइलच्या नेटवरून थेट ५९०० उघडून बघा. उघडता कामा नये.

हे मोहोराच्या दिवसांत, स्वतः शेडमध्ये बसून करा. एसएसएचची एक ओळ चुकली, तर वाशीहून काही करता येणार नाही.