गॉर्कीच्या ‘आई’ कादंबरीतली निलोव्हना खरंच खंबीर बाई आहे, की नुसती मुलामागे फरफटत जाणारी आई? आज ही कादंबरी वाचावी का?

फरफटत? पुन्हा वाचा, निदान पहिला भाग तरी.

निलोव्हना मुलासाठी, पावेलसाठी, रशियातल्या कामगार चळवळीत जाते, हे खरंच आहे. मग काय बिघडलं? पावेलला पकडल्यावर त्याचे सोबती येऊन सांगतात की कारखान्यात पत्रकं यायची थांबली तर सगळं त्याच्यावरच शेकेल. त्यावर मार्ग काढते ती हीच बाई. फाटकाशी जेवण विकणाऱ्या शेजारणीची मदतनीस होते आणि पत्रकं अंगाला बांधून आत नेते. पहारेकरी मजुरांची झडती घेत बसतात. चाळिशीची बाई, नवऱ्याचा मार खाऊन खाऊन घरातसुद्धा कशाला धक्का लागू नये म्हणून तिरकी तिरकी चालणारी. ती हे करते. याला फरफटत जाणं म्हणतात?

पण मला ही कादंबरी आवडते ती पावेलच्या सोबत्यामुळे, आंद्रेईमुळे. पहिल्याच भेटीत तो तिच्या कपाळावरच्या खुणेबद्दल विचारतो. तिला राग येतो, तुला काय करायचंय म्हणते. तेव्हा तो सांगतो, मला ज्या बाईने वाढवलं तिच्याही कपाळावर अशीच खूण होती. सख्खी आई नव्हे, सांभाळणारी. पुढे त्याला घरी राहायला बोलवू या, असं पावेलला तीच सुचवते. लिहा-वाचायलाही ती शिकते ती आंद्रेईच्या मदतीने. पोटचा एक, आणि घरात आलेला एक. ती दोघांचीही आई होते आणि पुस्तक त्याचा बाऊ करत नाही.

आमच्या घरात मात्र बाऊ झाला. मी लालबागची. वडील गिरणीत, आई मी लहान असतानाच गेली. समोरच्या खोलीत मावशी खानावळ चालवायची. नात्याने आमची कोणी नाही, नवऱ्याने टाकलेली बाई. दादा आणि मी तिच्याच हातचं खाऊन मोठे झालो. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून उधारीच्या वहीत प्रत्येक गड्याची एक खूण असायची. कुणाचा चष्मा, कुणाची छत्री, एकाची नुसतीच मिशी. पुढे रेघा. मी तिला अक्षरं शिकवली तरी मिशीवाल्याची मिशी तिने शेवटपर्यंत बदलली नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा सावकाराचा फास सोडून बँकेचं कर्ज घेणाऱ्या बायकांत हीही होती. बँकेत जायच्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिले काही महिने सगळ्यांना वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. खानावळवाल्या बायकांचं काय झालं हे फारसं कोणी लिहीत नाही. पगारच नाही तर खाडा कसला आणि बिल कसलं! मावशीच्या वहीत रेघा वाढत गेल्या, पाटल्या गेल्या, पण ताटं थांबली नाहीत. आमच्या बाबांचं ताट तर नाहीच. त्या काळात गावाकडच्या एकाही चुलत्याने आम्हाला पायलीभर तांदूळ पाठवला नाही.

आणि दादाच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत नावं कोणाची? त्याच चुलत्यांची, ओळीने, कै.सकट. मावशीचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाला, “ती काय आपली सख्खी? पैसे घेऊन जेवण घालायची, धंदा होता तिचा.” लग्नाला मावशी आली. दादाने तिला काय सांगावं? “मावशी, आचाऱ्याकडे जरा लक्ष ठेव.” आणि ती पदर खोचून गेली हो! तिला वाईट वाटलं की नाही, मला कळलं नाही. मला अजून वाटतं.

धंदा होता, मान्य. म्हणून माया खोटी ठरत नाही. कादंबरीच्या दुसऱ्या भागात ल्युदमिला येते, छापखाना सांभाळणारी. तिचा स्वतःचा मुलगा सरकारी वकील असलेल्या बापाकडे वाढतोय, उद्या तो आपला शत्रू म्हणून समोर येईल याची तिला धास्ती. रक्ताचं नातं आहे, पण मुलगा हाती नाही. ते पान दादाला वाचून दाखवावं असं फार मनात आहे, पण त्याने शाळेनंतर पुस्तक उघडलेलं मला आठवत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वाचा, पण भाषणं फार आहेत, तिथे पानं उलटलीत तरी चालेल. कार्यकर्ते जरा जास्तच सज्जन आहेत. १९०६ च्या सुमाराचं प्रचारकी लेखन आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आणि आई म्हणजे त्यागच, असं या पुस्तकातून काढणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. निलोव्हनाला शेवटी त्यागापेक्षा कामाची गोडी लागलेली दिसते. पिशवीत पत्रकं घालून गावोगाव हिंडताना ती चक्क खूश असते.

आणि तुमच्या आयुष्यात अशी कोणी बाई असेल तर तिचं नाव पत्रिकेत छापा. माझ्या मुलीच्या वेळी मी निमंत्रकांत मावशीचं नाव पहिलं घातलं, वडीलधारी म्हणून, आणि त्या दिवशी तिला स्वयंपाकघराकडे फिरकू दिलं नाही. दादा आला, दोनदा जिलबी मागून घेतली, पत्रिकेबद्दल चकार शब्द काढला नाही.