आस्था आहे, धीर हवा

प्रश्न : मी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी प्रदूषणाविषयी तळमळीने बोलतात. पण पर्यावरणपूरक उद्योगाचा विषय निघाला की ‘ते आमचे काम नव्हे’ म्हणून मागे सरतात. नामवंत उद्योजकांची व्याख्याने ठेवूनही फरक पडलेला नाही. काय करावे?

उत्तर : आस्था आपल्या विद्यार्थ्यांत आहेच, हे आपल्या पत्रातूनच दिसते. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या कृतीविषयीचे त्याचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. व्याख्यानांनी मत घडते. विश्वास मात्र हात घातल्याशिवाय येत नाही, आणि नामवंतांच्या यशकथा ऐकून तो कधी कधी खचतोही, असे मला वाटते.

म्हणून सुरुवात तराजूपासून करावी. विद्यापीठाच्या भोजनगृहात उरलेले अन्न विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज स्वतः तोलावे, कोणत्या वेळी किती उरते ते वहीत टिपावे, आणि मग त्याचे काय करता येईल व त्यासाठी पैसे कोण मोजेल, हे दहा जणांना प्रत्यक्ष विचारून यावे. टॉम झाकी यांनी २००१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना नेमका भोजनगृहातला कचरा गांडुळांना घालून खत तयार केले आणि पुढे ते शीतपेयांच्या वापरलेल्या बाटल्यांत भरून विकले. म्हणजे मालही टाकाऊ आणि वेष्टनही टाकाऊ. ‘इकोव्हेटिव्ह’ ही कंपनीदेखील अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या दोन विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून पुढे आलेल्या कल्पनेवर २००७ मध्ये उभी केली. तिच्या पद्धतीत शेतीतला टाकाऊ भुसा बुरशीच्या तंतूंनी घट्ट बांधला जातो आणि थर्मोकोलच्या जागी वापरता येणारे वेष्टन तयार होते, हे वर्गात करून दाखवण्याजोगे आहे.

गुण देताना मात्र आपल्याला धीटपणा दाखवावा लागेल. नफ्याच्या सुबक आराखड्याला नव्हे, तर नोंदवहीला आणि ग्राहकांशी झालेल्या बोलण्याला गुण द्यावेत. फसलेल्या प्रयोगाचे कारण ज्याने नीट शोधले, त्याचे गुण कापू नयेत. ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषणही तपासून घ्यावे : वस्तू बनवताना पाणी व वीज किती लागली, ती किती लांबून आणली आणि वापर संपल्यावर ती कुठे जाते, याचा हिशेब प्रत्येक गटाकडून मागावा. घरच्यांची धास्ती हा आणखी एक अडसर असतो; सत्राच्या शेवटी पालकांना बोलावून मुलांनी केलेली वस्तू त्यांच्या हातात द्यावी.