मामा येऊन गेले, हे आज रात्रीच सांगा

"मावशी, आम्ही इंदूरचे. माझे मिस्टर टी.आय., म्हणजे पोलीस ठाण्याचे प्रभारी आहेत. एका पक्षाच्या तरुण कार्यकर्त्याच्या खुनाचा तपास त्यांच्याकडे आहे आणि संशय त्याच पक्षातल्या मोठ्या माणसाच्या पुतण्यावर आहे. गेलेल्या मुलाची आई रोज ठाण्यातल्या बाकावर येऊन बसते. ते बघून आल्यावर यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दिवाळीचं म्हणून माझे मामा आले. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, लग्न लावून दिलं. म्हणाले, 'जावईबापूंना सांग, एक नाव तेवढं गाळा. नाहीतर बालाघाटची बदली ठरलेली.' ते गेल्यावर पिशवीत साडीखाली एक बंद पाकीट निघालं. कपाटात ठेवलंय. यांना सांगितलेलं नाही. मुलगी दहावीत आहे. केस सोडा, असं मी यांना म्हणू का?"

केसचं नंतर बोलू. आधी ते पाकीट.

आज रात्री मुलगी अभ्यासाला बसली की ते मिस्टरांसमोर ठेवा. उघडू नका, मोजू नका, आणि गुपचूप मामांकडे परतही करू नका. लाच अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने घ्यायला हवी असं नाही. दुसऱ्याच्या मार्फत घेतलेलीही 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात येते. उद्या लोकायुक्तांच्या पोलिसांकडे तक्रार गेली, तर पाकीट टी.आय.च्या कपाटात सापडेल आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हतं तो उत्तरं देत बसेल. तक्रार नाही केली, तरी "वहिनींनी ठेवून घेतलंय" एवढं मिस्टरांच्या कानावर घातलं की काम झालं. पाकीट ठेवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

पुढचं त्यांना कळतं: ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद, वरिष्ठांना लेखी कळवणं, पाकीट रीतसर जमा करणं. त्यात मामांचं नाव येईल. याच धास्तीने तुम्ही गप्प आहात ना? मामांचे उपकार खरे आहेत. त्यांच्या दुखण्याखुपण्याला धावून जा, म्हातारपणी त्यांना सांभाळा. पण ते उपकार नवऱ्याच्या सहीने फेडायचे नाहीत. बहुधा मामांनाही कुणीतरी पुढे केलंय. त्यांच्या वयाच्या माणसाला भाचीच्या घरी असल्या कामाला धाडणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता केस. सोडा, असं म्हणू नका. हा ताण जन्माचा नाही. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी अटकेत असेल तर 90 दिवसांत चालान, म्हणजे आरोपपत्र, न्यायालयात जावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. साक्षीदारांचे जबाब एकदा दंडाधिकाऱ्यांसमोर झाले की दबावाचा जोरही बराच ओसरतो.

बदली होऊ शकते. ठाणे प्रभारीला किमान दोन वर्षं एका जागी ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं. ते किती पाळलं जातं, हे पोलिसाच्या घरात राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू! बदली होणार असं धरूनच चाला. मुलीला दहावीपुरतं इंदुरातच कुणा जवळच्या माणसाकडे ठेवता येईल का, ते आत्ताच बोलून ठेवा. केस डायरी मात्र त्यांच्याबरोबर बालाघाटला जाणार नाही. दर दिवशी काय केलं, कुणाला भेटलो, काय आढळलं, हे पानांना क्रमांक घालून लिहिलेलं असतं. ती पुढच्या अधिकाऱ्याच्या हातात जाते आणि न्यायालय ती केव्हाही मागवू शकतं. त्यांनी ती नीट लिहिली असेल, तर मागाहून एखादं नाव पुसणं सोपं राहत नाही. म्हणून रात्री उशिरा ते लिहीत बसले तर "आता पुरे" म्हणू नका. चहा करून द्या.

त्या आईबद्दलही त्यांच्याशी बोला. तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताच्या माणसांना 90 दिवसांत कळवणं 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलंय. पण तेवढी वाट कशाला बघायची? आठवड्यातून एकदा तिला समोर बसवून सांगण्यासारखं असेल तेवढं सांगितलं, तर तिलाही धीर येईल आणि त्यांनाही दोन घास जातील.

मामांचा फोन येईलच. नवऱ्याला सगळं सांगून झाल्याशिवाय तो उचलू नका. मग म्हणा, "मामा, घर तुमचंच आहे, कधीही जेवायला या. केसचं मात्र माझ्याशी बोलायचं नाही." ते रुसतील, कदाचित वर्षभर बोलणारही नाहीत. तुम्ही मामींची चौकशी करणं सोडू नका.