पाय लागल्याशिवाय मैदान आपलं होत नाही

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. उत्तर लांब होणारे, सावकाश वाच.

तू विचारतेस की काका, आपण नाशिकचे, आपल्या गावात रेसकोर्स नाही, मग मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं काय होतंय यावर बोलायचा आपल्याला काय हक्क. आणि मुंबईची मैत्रीण म्हणते तिथे सगळं पार्कच व्हायला पाहिजे, तुला झाडंही आवडतात आणि घोडेही, मग तू नेमकी कुठल्या बाजूची. आणि सगळ्यात खाली सहज टाकल्यासारखी एक ओळ, की आता रेस मोबाईलवर लाइव्ह दिसते तर एवढ्या लांब कशाला जायचं. वरचे प्रश्न ठीक आहेत गं, पण त्या खालच्या ओळीनं माझी झोप उडाली, कारण वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथेच अडकून बसलीयेत.

पाय लागले पाहिजेत. मला एवढंच सांगायचंय आणि हे मी तुला पुढे परत परत सांगणारे, कंटाळू नकोस. मैदान सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर आहे ते कोर्ट बघेल, महापालिका बघेल. तुझं मैदान कुठलं हे तुझे पाय ठरवतात. नाशिकरोडवरून सकाळी पंचवटी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचं, वेस्टर्नला येऊन स्लो लोकल, महालक्ष्मी स्टेशन, तिथून चालत. संध्याकाळी सहा सव्वासहाला तीच पंचवटी सीएसएमटीवरून परत निघते, त्यामुळे शेवटची रेस बघायची का गाडी धरायची हा झगडा दर वेळी होतो. ज्यानं हा झगडा केलाय त्याचं ते मैदान. तो नाशिकचा असो नाहीतर वरळीचा. समोरच्या टॉवरच्या गॅलरीतून वर्षानुवर्षं ते हिरवं दिसणारे पण खाली कधीच न उतरलेले लोक मला माहितीयेत, त्यांच्यापेक्षा माझा हक्क जास्त आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणतो.

गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे टीव्हीवर डर्बी, वर्षातली सगळ्यात मोठी रेस, लावली होती तेव्हा शेवटच्या दोनशे मीटरला तू सोफ्यावरून उठून उभी राहिलीस. तेव्हाच मला कळलं होतं. पण तुला जे दिसलं ते चौकटीतलं होतं. कॅमेरा पुढच्या तीन घोड्यांबरोबर पळतो, मागे काय चाललंय ते कुणी दाखवत नाही. तिथे रेलिंगला उभी राहा. आधी काहीच ऐकू येत नाही, मग पायाखाली जमीन थरथरायला लागते, मग टापांचा आवाज, आणि मग घोडे समोर आले की त्यांचा श्वास ऐकू येतो, फुरफुर नाही, भात्यासारखा प्रत्येक ढांगेला एक. जॉकी एकमेकांवर ओरडत असतात, जागा दे, आत घे, असं. मातीसकट गवताची ढेकळं उडतात. तुझ्या शेजारी एखादे आजोबा रेसबुकाची सुरळी करून रेलिंगवर आपटत असतात, चल पाच, चल पाच, आणि पाच नंबर पाचवाच येतो आणि ते शांतपणे चष्मा पुसून पुढच्या रेसचं पान काढतात. हे मोबाईलवर कुठून येणार, सांग ना मला.

आणि रेसच्या आधी पॅडॉकला, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणाला, जायचंच. सायस, घोड्याची निगा राखणारा, घोड्याला धरून गोल फिरवत असतो, तिथे कठड्यापाशी उभं राहून नुसतं बघायचं. कान कुठे आहेत, मानेवर फेस आलाय का, चाल मोकळी आहे का. सायस त्याच्याशी पूर्ण वेळ काहीतरी पुटपुटत असतो आणि घोड्याचा एक कान त्याच्याकडे वळलेला असतो. घोड्यांना त्रास होतो का असं तू मागे विचारलं होतंस. त्याचंही उत्तर मी देणार नाही, तू कठड्यापाशी उभी राहून शोध. कधी एखादा घोडा पडतो. तोही दिवस तिथे राहून बघावा लागतो, डोळे मिटून पळून यायचं नाही. जीव लावायचा तर ते पण आलं.

आता तुझ्या मैत्रिणीचं. पार्कला विरोध करू नकोस, मीही करत नाही. पण तिला एवढं विचार की लोअर परळला, वरळीला मिलच्या एवढ्या जमिनी होत्या, त्यातलं मोकळं काय राहिलं? मॉल आणि टॉवर. आणि त्यांच्या शेजारी हे दोनशेच्यावर एकर 1883 पासून मोकळं राहिलं ते कुणामुळे राहिलं? तिथे घोडे पळत होते म्हणून राहिलं. त्याआधी मुंबईत रेस भायखळ्याला व्हायच्या, मग महालक्ष्मीच्या पाणथळ जागेवर हे मैदान झालं, मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर. 1914 ची नव्व्याण्णव वर्षांची लीज 2013 ला संपली आणि पुढची अकरा वर्षं नुसती टांगती तलवार. 2024 ला ठरलं की 120 एकर महापालिकेच्या पार्कला आणि 91 एकर रेस क्लबकडे, 2053 पर्यंत. म्हणजे तू पन्नाशीला येशील तेव्हा हा प्रश्न परत उठेल. तेव्हा तिथल्या स्टँडमध्ये कोण बसलेलं असेल यावर उत्तर ठरेल, कागदावर नाही ठरणार. तू कुठल्या बाजूची ते सोड, तू तिथे असशील का ते सांग.

कारण मैदान आधी रिकामं होतं आणि मग जातं. हा क्रम लक्षात ठेव. 2024 या एका वर्षात काय काय गेलं बघ. एप्रिलमध्ये मकाऊचं रेसकोर्स बंद. जूनमध्ये उटीचं मैदान सरकारनं ताब्यात घेतलं. सप्टेंबरमध्ये मद्रासच्या गिंडीच्या मैदानालाही सरकारनं सील ठोकलं, जिथे 1777 पासून रेस व्हायच्या. ऑक्टोबरच्या 5 तारखेला सिंगापूरला शेवटची रेस झाली, दीडशेच्यावर वर्षांचा क्लब, जमीन घरांसाठी. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, लीज, भाडं, सरकार, सगळं मान्य. पण तिथल्या लाखो लोकांनी रस्त्यावर येऊन आमचं मैदान घेऊ नका असं म्हटलं का? नाही म्हटलं. लाखो लोक तिथे जातच नव्हते.

गिंडीचं मला फार लागलं. मी कधी गेलो नाही तिथे. जायचं होतं, ते मैदान शहराच्या पोटात आहे आणि लोकलच्या स्टेशनपासून चालत जाता येतं हे सगळं विचारून ठेवलं होतं. उटीला तर उन्हाळ्यात डोंगरात रेस, एप्रिल ते जून, आपल्याकडे नाशकात ऊन तापतं तेव्हा तिकडे स्वेटर घालून रेलिंगला उभं राहायचं, असं ठरवून ठेवलं होतं. रिटायर झालो की जाऊ. मग गुडघा, मग हिच्या आईचं आजारपण, मग कोविड. आता ती मैदानं सरकारनं घेतली. आणि म्हणून तुझी ती मोबाईलची ओळ वाचून मी चिडलो, कारण तुझे गुडघे चांगले आहेत.

आपल्याकडचंच बघ की. गोल्फ क्लबवर रोज सकाळी निम्मं नाशिक चालायला येतं. गोल्फ खेळताना बघितलंयस कुणाला? महालक्ष्मीचं असं व्हावं असं तुला वाटतं का, की लोक म्हणतील रेसकोर्सवर फिरायला चाललो आणि घोडा चित्रात सुद्धा नाही?

याच्या उलट पुण्याच्या रस्त्याला जाताना बघ. नारायणगाव, मंचर, खेड, तो सगळा पट्टा बैलगाडा शर्यतींचा. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. सात वर्षं घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, बंद. पण त्या लोकांनी बैल विकून टाकले नाहीत सगळ्यांनी, घाट नांगरून टाकले नाहीत, जत्रा आली की घाटावर जाऊन बसायचे, मोर्चे काढले, कायदा करून घेतला, कोर्टात लढले. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. परवानगी आल्यावर पहिल्या बारीला, म्हणजे फेरीला, पुढे घोडी आणि मागे बैल सुटले तेव्हा घाटाच्या दोन्ही अंगाला पाय ठेवायला जागा नव्हती. शर्यतीबद्दल तुझं मत काही असो, बैलांचं काय, तो वाद वेगळा आहे आणि तोही खरा आहे. मला फक्त त्यांचे पाय दिसतात. शर्यत नसताना सुद्धा घाटावर जाणारे पाय. आमच्या रेसवाल्यांकडे ते नव्हते. आमचे लोक थंडपणे घरी बसले. 2017 ला जीएसटी आला, बेटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के, तेव्हा टोटच्या, म्हणजे क्लबच्या अधिकृत बेटिंगच्या, खिडकीवरची रांग आखडली आणि बरेच जण बाहेरच्या बेकायदा बुकीकडे वळले, फोनवर बेट लावायची आणि फोनवरच निकाल ऐकायचा. त्यांना मी रेसवाले मानत नाही. त्यांचं प्रेम आकड्यावर आहे, त्यांना घोडा नसला तरी चालेल.

तुझ्या आईला, वहिनींना, हे जुगार वाटतं, माहितीये मला. त्यांना सांग की 1996 ला सुप्रीम कोर्टानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिलाय, आणि तो मद्रासच्याच क्लबच्या खटल्यात, ज्याचं मैदान आता सरकारनं घेतलं. हेही सांग की पुण्याचे पूनावाला हे आधी घोड्यांवाले, त्यांच्या स्टड फार्मचे, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मचे, म्हातारे घोडे लसीसाठी सीरम काढायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यातून 1966 ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि वहिनींनी कोविशिल्ड घेतली असेल तर ती तिथलीच. कोर्टाचं ऐकून त्या गप्प बसणार नाहीत, लसीचं ऐकून कदाचित बसतील.

पण खरं सांगायचं तर जुगार होतो. लोक घरं बुडवतात. मी बघितलीयेत. म्हणून माझा नियम सांगतो, आणि तो मी नोकरीला लागल्यापासून पाळलाय, की रेसचे पैसे वेगळ्या खिशात, घरून निघताना मोजून, आणि ते संपले की पुढच्या रेस नुसत्या बघायच्या. दुसऱ्या खिशात हात घालायचा नाही. माझ्या सासरचे लोक लग्नापासून मला रेसवाला म्हणतात, त्यात कौतुक नाही हे तुला कळतं. मेव्हण्याच्या पोरीचं लग्न डर्बीच्या रविवारी होतं आणि मी सकाळी अक्षता टाकून मुंबईला गेलो, याचा विषय अजून निघतो. निघू दे. आमच्या सातपूरच्या कंपनीला सुट्टी शनिवारी असायची, रविवारसाठी मी लोकांच्या नाईट शिफ्ट केल्यात, दिवाळीच्या पाडव्याला सुद्धा केलीये. कुणाकडून एक रुपया उसना घेतला नाही, मुलांच्या फिया वेळेवर गेल्या, हिला विचार. लोक क्रिकेटसाठी दिवसभर टीव्हीपुढे बसतात त्यांना कुणी नाव ठेवत नाही. मी आठ तास प्रवास करून एका मैदानावर उभा राहायचो तर त्यात काय चुकलं? काही चुकलं नाही. आज परत तरुण झालो तर परत तेच करीन.

बरं, विषय तुझा आहे. डर्बी आता तोंडावर आलीये, फेब्रुवारीचा पहिला रविवार, आणि तू म्हणशील काका मला डर्बीला न्या. डर्बीला जाऊ नकोस. म्हणजे यंदा नको. 1943 ला पहिली इंडियन डर्बी झाली, बडोद्याच्या महाराजांची घोडी प्रिन्सेस ब्युटिफुल जिंकली, तेव्हापासून त्या दिवशी सगळी दुनिया येते. टोप्या घालून, फोटो काढायला. त्या दिवशी मैदानाला तुझी गरज नसते. तू साध्या दिवशी जा. एखाद्या गुरुवारी, कॉलेजला दांडी मारून, कार्डावर, त्या दिवसाच्या रेसच्या यादीत, एकही मोठी रेस नसेल अशा दिवशी, स्टँडमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतील आणि पंखे फिरत असतील तेव्हा. सगळ्यात खालच्या क्लासचे घोडे पळत असतील, ज्यांचं नाव दुसऱ्या दिवशी कुठेच छापून येणार नाही. त्यांच्यातला एखादा तुला आवडला तर त्याच्यासाठी पंधरा दिवसांनी परत जावंसं वाटेल. असंच मैदान अंगाला लागतं. डर्बीनं लागत नाही. डर्बी पुढच्या वर्षी, तोवर तुला पॅडॉकला कुठे उभं राहायचं ते कळलेलं असेल.

पब्लिक एन्क्लोजरलाच, सगळ्यांसाठीच्या जागेतच, जा, मेंबरांकडे ओळख काढून पहिल्याच दिवशी सोफ्यात बसायचं नाही. चपला नको, बूट घाल, उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी बेट अजिबात लावू नकोस, तुझं लक्ष आकड्यावर जाईल आणि घोडा दिसणार नाही. एकटी जायला वहिनी तयार नसतील तर त्या मैत्रिणीला बरोबर ने, पार्कवालीला. तिनेही एकदा रेलिंगला उभं राहावं आणि मग पार्क किती एकरांचं पाहिजे ते सांगावं. मी मुद्दाम येत नाहीये. मी आलो तर तू माझ्या नजरेनं बघशील.

मुंबईचा सीझन एप्रिलपर्यंत आहे. मग जुलैपासून पुणे, पावसात, एम्प्रेस गार्डनच्या शेजारी. तिकडे मीही येईन, एसटीनं, गुडघा काही म्हणो. महालक्ष्मीचं तिकीट मात्र तू काढ आणि गुरुवार कुठला ठरला ते मला रविवारपर्यंत कळव, म्हणजे वहिनींशी मी बोलून ठेवतो.

काका